प्रयोग फसला म्हणजे नेमकं काय झालं? न्यूयॉर्कच्या कवायतीच्या हॉलमधल्या नऊ संध्याकाळी



आजच्या विषयाची सुरुवात एका शब्दापासून करू. 'प्रयोग' हा शब्द मराठीत आपण निदान तीन ठिकाणी वापरतो. प्रयोगशाळेत प्रयोग होतो. रंगमंचावर नाटकाचा प्रयोग होतो. आणि शाळेत व्याकरणाच्या तासाला कर्तरी, कर्मणी, भावे हे प्रयोग आपल्या सगळ्यांच्या मानगुटीवर बसलेले असतात. इंग्रजीत पहिल्या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत. त्यांच्यामागची माणसं वेगळी आणि इमारतीही वेगळ्या. आपल्याकडेही माणसं वेगळीच आहेत, पण भाषेनं मधलं दार उघडं ठेवलंय. आज त्या दारातून आत जाऊ.

न्यूयॉर्क शहरात १३ ते २३ ऑक्टोबर १९६६ या दिवसांत, नऊ संध्याकाळी, एक महोत्सव झाला. नाव होतं 'नाइन ईव्हनिंग्ज : थिएटर अँड इंजिनिअरिंग'. दहा कलावंत आणि बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमधले सुमारे तीस अभियंते यांनी मिळून तो केला. जागा कोणती? मॅनहॅटनमधल्या लेक्सिंग्टन अव्हेन्यूवरची ६९व्या रेजिमेंटची आर्मरी. म्हणजे लष्करी पलटणीचं ठाणं, आणि त्यातला कवायतीचा भलामोठा हॉल. सगळ्या संध्याकाळी मिळून दहा हजारांहून अधिक प्रेक्षक आले. आणि वर्तमानपत्रांतल्या समीक्षकांचा एकंदर सूर असा होता की हा प्रकार फसला.

फसला म्हणजे नेमकं काय झालं? हा आजचा प्रश्न आहे, आणि तो त्या महोत्सवापुरता नाही. 'हे प्रायोगिक आहे' असं म्हटलं की आपल्यातले काही जण लगेच मान डोलावतात आणि काही जण लगेच घड्याळाकडे बघतात. समोर काय चाललंय याकडे दोघांचंही लक्ष नसतं. मग अशा कलेचा निवाडा करण्याची काही रीत आहे का? आम्हांला वाटतं, आहे. पण निवाड्याआधी पुरावा पाहायला हवा.

जागा : भांडं की शिकवण?

सभागृह म्हणजे काय, याचा आपण फारसा विचार करत नाही. बांधणारा मात्र करतो. आवाज कुठे जाईल, किती वेळ टिकेल, याचा तो हिशेब मांडतो. त्याबरोबर आणखीही एक हिशेब असतो : माणसं कुठे बसतील, कुठे बघतील, कधी गप्प होतील. सगळ्या खुर्च्या एका दिशेला तोंड करून असतात. दिवे मालवले की आपण आपोआप गप्प बसतो, कोणाला सांगावं लागत नाही. तेव्हा सभागृह हे कला ठेवायचं नुसतं भांडं नव्हे, ती एक शिकवण आहे. आणि इतकी अंगात मुरलेली आहे की ती शिकवण आहे हेच आपण विसरतो.

कवायतीच्या हॉलला ही शिकवण नसते. सपाट जमीन, उंच कमानदार छत. रंगमंच नाही, पडदा नाही, विंगा नाहीत. टाळी वाजवली तर ती कित्येक सेकंद घुमत राहते. बोललेला शब्द दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत त्याचा लगदा होतो. आपल्या ख्यालगायकाला तिथे बसवलं आणि त्यानं द्रुत तान घेतली, तर तानेतला प्रत्येक सूर आधीच्या सुराच्या अंगावर जाऊन पडेल.

याच आर्मरीत १९१३ साली आधुनिक चित्रकलेचं ते गाजलेलं प्रदर्शन भरलं होतं, ज्यात मार्सेल द्युशाँच्या जिना उतरणाऱ्या नग्नाकृतीच्या चित्रावरून मोठा गदारोळ झाला. त्यामुळे १९६६ची मंडळी जाणूनबुजून तिथे गेली असं वाटू शकतं. खरी गोष्ट साधी आहे. हा कार्यक्रम मुळात स्वीडनमधल्या स्टॉकहोमला व्हायचा होता. तिकडची बोलणी फिसकटली, बरंचसं काम तर झालेलं, मग न्यूयॉर्कमध्येच मोठी जागा शोधावी लागली. दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये प्रायोगिक नाटकं पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही. तो हॉलसुद्धा कोणी सौंदर्यदृष्टीनं निवडला नव्हता; तो मिळाला. मग मिळालेल्या जागेनं कामाला आपलं वळण दिलं.

अभियंते तिथे काय करत होते?

या सगळ्याच्या मध्यभागी बिली क्लूवर नावाचा बेल लॅबोरेटरीजमधला स्वीडिश अभियंता होता. १९६० साली त्यानं शिल्पकार ज्याँ तँगली याला एक यंत्र बांधायला मदत केली होती. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या बागेत ते यंत्र सुरू झालं आणि त्यानं स्वतःचीच मोडतोड करून घेतली. तेच त्याचं काम होतं. आयुष्यभर यंत्र चालावं म्हणून झटणाऱ्या अभियंत्याला, यंत्र मोडावं म्हणून डोकं लावायला सांगणारा माणूस भेटला. क्लूवरच्या लक्षात आलं, की कलावंताचे प्रश्न अभियंत्याला कारखान्यात कधीच भेटणार नाहीत अशा जातीचे असतात.

मग रॉबर्ट राउशेनबर्ग या चित्रकाराच्या जोडीनं त्यानं माणसं जमवली. संगीतकार जॉन केज आणि डेव्हिड ट्यूडर. नृत्याच्या क्षेत्रातले लुसिंडा चाइल्ड्स, डेबोरा हे, स्टीव्ह पॅक्स्टन, इव्हॉन रेनर. शिवाय ॲलेक्स हे, ओयव्हिंड फाल्स्ट्रॉम, रॉबर्ट व्हिटमन. १९६६च्या सुरुवातीपासून बैठका सुरू झाल्या. कलावंत मागण्या करत : खालून वर जाणारा हिमवर्षाव हवा, शरीराच्या आतले आवाज बाहेर ऐकू यायला हवेत. अभियंते यातलं काय होईल, काय होणार नाही ते सांगत. पुढे पुढे कोण काय मागतंय आणि कोण काय सुचवतंय याची सरमिसळ होऊ लागली. सगळ्यात जास्त मेहनत गेली बिनतारी नियंत्रणावर : छोटे एफएम ट्रान्समीटर, रिसीव्हर, दुरून दिवे आणि लाउडस्पीकर चालू-बंद करणारी सामग्री. आज हे खिशातल्या फोनला जमतं. तेव्हा ते एकेक करून, हातानं जोडून तयार करावं लागत होतं.

तीन प्रयोग

दहांपैकी तीन कामं आपण जरा थांबून पाहू.

पहिलं राउशेनबर्गचं, 'ओपन स्कोअर'. हॉलच्या मध्यभागी टेनिसचं मैदान आखलं. खेळणारे दोघं : चित्रकार फ्रँक स्टेला आणि मिमी कनारेक ही टेनिसपटू. दोघांच्या रॅकेटमध्ये मायक्रोफोन आणि मुठीत ट्रान्समीटर. चेंडू रॅकेटवर आदळला की घंटेसारखा घणघणाट सगळ्या हॉलभर लाउडस्पीकरमधून उमटे. आणि प्रत्येक फटक्याला छतावरच्या छत्तीस दिव्यांपैकी एक दिवा विझे. म्हणजे खेळ जसजसा पुढे जाई, तसतसं खेळणं अवघड होत जाई. शेवटी पूर्ण अंधार, आणि खेळ आपोआप बंद.

मग त्या अंधारात सुमारे पाचशे माणसं आत आली. प्रेक्षकांना ती दिसत नव्हती, त्यांना एकमेकांची तोंडं दिसत नव्हती. पण इन्फ्रारेड, म्हणजे अवरक्त किरणांवर चालणारे कॅमेरे त्यांना टिपत होते, आणि ते चित्र मोठ्या पडद्यांवर दिसत होतं. माणसं साध्या सूचनांप्रमाणे साध्या हालचाली करत होती. प्रेक्षकांना कळत होतं की समोर गर्दी आहे. ती समोर असूनही दिसत नाही. आणि दिसते ती फक्त पडद्यावर.

दुसरं काम डेव्हिड ट्यूडरचं, 'बँडोनियन!'. हाच तो पियानोवादक, ज्यानं १९५२ साली केजची चार मिनिटं तेहतीस सेकंदांची नि:शब्द रचना प्रथम सादर केली होती. बँडोनियन हे अर्जेंटिनातल्या टँगो संगीतात वाजणारं भात्याचं वाद्य, आपल्या पेटीचं दूरचं भाऊबंद. ट्यूडरनं त्याला मायक्रोफोन लावले आणि त्यातून निघणाऱ्या विद्युतसंकेतांवर लाउडस्पीकर, दिवे, पडद्यावरच्या आकृती असं सगळं चालवलं. काही लाउडस्पीकर दुरून चालवल्या जाणाऱ्या गाड्यांवर बसवून हॉलभर फिरवले. नावातलं ते चिन्ह उद्गाराचं नव्हे, गणितातल्या 'फॅक्टोरिअल'चं आहे.

इथे जागेचा मुद्दा फिरून येतो. हॉल घुमतो हा ध्वनिशास्त्राच्या दृष्टीनं दोष. ट्यूडरनं तो झाकायचा प्रयत्नच केला नाही. वाद्यातून आवाज निघाला, हॉलमध्ये घुमला, त्यावर पुढचा आवाज चढला. तिथे बँडोनियन वाजत होतं म्हणण्यापेक्षा, बँडोनियननं तो हॉल वाजवला असं म्हणायला हवं. ज्या वास्तूत शिस्तीची पावलं घुमायची, तिचा घुमारा हाच त्या रचनेचा कच्चा माल झाला.

तिसरं काम केजचं, 'व्हेरिएशन्स सेव्हन'. नियम एकच : आधी ध्वनिमुद्रित केलेलं काहीही वाजवायचं नाही, त्या क्षणी जगात जे वाजतंय तेवढंच ऐकवायचं. त्यासाठी शहरातल्या निरनिराळ्या ठिकाणांशी टेलिफोनच्या दहा लाइन जोडल्या आणि तिकडचे रिसीव्हर उचलून ठेवले. एका रेस्टॉरंटातून, वीजकेंद्रातून, 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या छपाईविभागातून, हरवलेली कुत्री ठेवतात त्या आश्रयगृहातून, मर्स कनिंगहॅमच्या नृत्यशाळेतून आवाज येऊ लागले. संगीतकार टेरी रायलीच्या घरच्या कासवांच्या टाकीलाही एक लाइन दिलेली होती. शिवाय रेडिओ, गायगर काउंटर, मिक्सर, रस काढायचं यंत्र. वादक लांब मेजांमधून फिरत, त्यांच्या सावल्या प्रकाशविद्युत घटांवर पडत, आणि आवाज लागत किंवा बंद होत. काही प्रेक्षक खुर्च्या सोडून मेजांच्या जवळ आले. त्यांना कोणी अडवलं नाही.

आता तो व्याकरणाचा तास आठवा. 'रामाने रावणाला मारले.' क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलत नाही, कर्माप्रमाणेही बदलत नाही. रामाच्या जागी सीता घाला, 'मारले' ते 'मारले'च. हा भावे प्रयोग. केजचं काम आम्हांला तसं वाटतं. कुत्र्यांचं भुंकणं संगीतकाराची इच्छा पाळत नाही आणि श्रोत्याची आवडही पाळत नाही. घडतंय, एवढंच. कर्ता तिथे आहे, नाकारलेला नाही. पण क्रिया त्याच्या ताब्यात नाही.

बाकीची कामं धावत पाहू. पॅक्स्टननं हवा भरलेल्या प्लास्टिकचे प्रचंड बोगदे उभारले. लोक त्यांतून चालत गेले. ॲलेक्स हेनं अंगाला इलेक्ट्रोड लावून मेंदूचे, स्नायूंचे, डोळ्यांचे विद्युतसंकेत आवाजात बदलून ऐकवले. चाइल्ड्सनं हलत्या बादल्यांवर श्राव्यातीत ध्वनिलहरी सोडून त्यांच्या हालचालींचा आवाज केला. व्हिटमननं चक्क मोटारी हॉलमध्ये आणल्या.

दोन मापं

आता समीक्षकांकडे येऊ. त्यांच्या तक्रारी खोट्या नव्हत्या. कार्यक्रम लांबले. यंत्रं ऐन वेळी रुसली. इव्हॉन रेनर आपल्या कामात सादरकर्त्यांना दुरून, वॉकी-टॉकीवर सूचना देणार होती, कुठली वस्तू कुठे न्यायची ते. पहिल्याच खेपेला ती यंत्रणा नीट चालली नाही. प्रेक्षक ताटकळत बसले. नाटकाच्या मापानं पाहिलं तर निकाल उघड आहे : प्रयोग पडला.

बचाव करणारे लगेच दुसरं माप पुढे करतात. अहो, हा प्रयोगशाळेतला प्रयोग होता. तिथे फसणं हीसुद्धा माहितीच असते. कार्ल पॉपरनं आपल्याला हेच शिकवलंय, की जे चुकीचं ठरूच शकत नाही ते विज्ञान नव्हे. मग जो फसूच शकत नाही, त्याला प्रयोग तरी कसं म्हणायचं?

युक्तिवाद आकर्षक आहे, पण त्यात एक खाच आहे. प्रयोगशाळेचं दार बंद असतं. तिथे फसलं तर संशोधकाचा वेळ जातो. इथे तिकीट काढून, थंडीत घर सोडून आलेल्या माणसाची संध्याकाळ जाते. त्याला 'आम्ही शिकलो' असं सांगणं म्हणजे त्याच्या खर्चानं आपलं शिक्षण करून घेणं झालं.

म्हणून आम्ही फसण्याचे दोन प्रकार करतो. पहिल्यात वायर जोडलीच गेली नाही. त्यातून कळलं एवढंच, की वायर जोडलेली नव्हती. ही फक्त कामातली कसर आहे, आणि तिला 'प्रायोगिक' म्हणून सूट देण्याचं कारण नाही. दुसऱ्यात सगळं ठरल्याप्रमाणे चाललं, पण जे घडलं ते अपेक्षेहून वेगळं निघालं, कदाचित कंटाळवाणंही. हे फसणं मोलाचं आहे, कारण आता एक गोष्ट कळली जी आधी कोणालाच माहीत नव्हती. त्या नऊ संध्याकाळी दोन्ही प्रकार घडले. समीक्षकांनी पहिल्याकडे बोट दाखवून दुसराही निकालात काढला. बचाव करणाऱ्यांनी दुसऱ्याचं नाव सांगून पहिला झाकला.

आणि फरक ओळखायला एक खूण आहे. या महोत्सवात प्रत्येक काम दोनदा सादर व्हायचं होतं. राउशेनबर्गनं दुसऱ्या खेपेला, २३ ऑक्टोबरला, एक तिसरा भाग नव्यानं घातला : नर्तिका सिमोन फोर्टी एका पोत्यात बसून इटालियन प्रेमगीत गाते आहे, आणि तो तिला उचलून हॉलमध्ये एका जागेहून दुसऱ्या जागी नेऊन ठेवतो आहे. इतक्या यंत्रांनंतर, एक उघडा मानवी आवाज आणि ओझं वाहणारा माणूस. म्हणजे पहिली खेप पाहून पुढच्या खेपेत काहीतरी बदललं. आमच्या मते ज्यानं काहीच बदलत नाही, तो नुसता हट्ट असतो.

आणखी एक आक्षेप आहे, आणि तो जास्त गंभीर आहे. साल १९६६. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं. हॉल लष्कराचा. अंधारात बघण्याची विद्या युद्धाच्या गरजेतून वाढलेली. मग ही कला म्हणजे युद्धयंत्राची सुटीतली करमणूक झाली का? 'कलेनं यंत्राला शुद्ध केलं' असं म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. यंत्र जिथून आलं तिथूनच आलं. पण त्या पाचशे माणसांचं दृश्य पुन्हा डोळ्यांसमोर आणा. ज्यांना पाहिलं जातंय त्यांना दिसत नाही. ज्यांना दिसतंय ते आरामात बसलेत. प्रेक्षकाला भाषण न देता त्या बसलेल्यांच्या खुर्चीत नेऊन बसवलं होतं. हे मखमली खुर्च्यांच्या नाट्यगृहात घडलं असतं तर ती एक युक्ती वाटली असती. सैनिकांच्या कवायतीच्या जमिनीवर तिला वेगळं वजन आलं.

पुढे काय झालं, आणि आपला संबंध

त्या धडपडीतून क्लूवर, राउशेनबर्ग, व्हिटमन आणि अभियंता फ्रेड वॉल्डहॉवर यांनी 'एक्सपेरिमेंट्स इन आर्ट अँड टेक्नॉलॉजी' ही संस्था काढली. ती नावाजली. पण एक सावधगिरी बाळगू : संस्था मोठी झाली म्हणून त्या संध्याकाळी यशस्वी ठरत नाहीत. नातवाच्या पराक्रमानं आजोबांचे गुण वाढत नाहीत.

धागे मात्र भारतापर्यंत येतात. ट्यूडर १९६९ साली अहमदाबादला आला आणि तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत त्यानं मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभारून दिला. त्याच वर्षी क्लूवरच्या संस्थेनं आणंदच्या दुग्ध सहकारी चळवळीशी जोडलेला, ग्रामीण भागासाठी शैक्षणिक दूरदर्शन कार्यक्रम कसे करता येतील याचा एक प्रकल्प हाती घेतला. आणि उलट दिशेचा धागा त्याहून जुना आहे. अहमदाबादच्या गीता साराभाई १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये केजकडे पाश्चात्त्य संगीत शिकल्या आणि बदल्यात त्यांनी त्याला भारतीय संगीताची ओळख करून दिली. संगीत मनाला शांत करण्यासाठी असतं, हा त्यांच्याकडून ऐकलेला विचार केज पुढे अनेकदा सांगत असे. आता मन शांत करणाऱ्या संगीतात मिक्सर आणि कुत्री कशी काय बसतात? केजचा रोख असा, की 'हे मला आवडतं, ते आवडत नाही' ही आतली कुरकुर थांबली, तर कुठलाही आवाज ऐकता येतो. पटो न पटो, पण त्या हॉलमध्ये जे चाललं होतं ते नुसत्या नावीन्याच्या हौसेपोटी नव्हतं.

आता आवरतं घेऊ. पुढच्या वेळी गोदामात, बंद गिरणीत किंवा शाळेच्या हॉलमध्ये काही 'प्रायोगिक' पाहायला गेलात, तर दोन प्रश्न बरोबर न्या. हे इथेच का? म्हणजे ही जागा कामात काही भर घालतेय, की नुसती भाड्यानं घेतलीय? आणि, यात फसण्यासारखं काय आहे? उत्तर 'काहीच नाही' असं आलं, तर समोर सजावट आहे, प्रयोग नाही. उत्तर मिळालं, तर मग घड्याळाकडे न बघता बसा. फसलं तरी बसा. कारण तुमची संध्याकाळ त्यात गुंतलेली आहे, म्हणजे निकाल देण्याचा हक्कही तुमचाच आहे. फक्त वायर तुटली होती की कल्पना, एवढं पाहून द्या.